वैरणीची खिडकी

आधीच सांगते, मी भूगोल शिकवते. पुण्यातल्या एका शाळेत, गेली वीसेक वर्षं. "बाई, गच्चीवर कुणीतरी चालतं" असं म्हणत आलेल्या मुलींना हाताला धरून गच्चीवर नेणारी आणि टाकीवरचा हलणारा पत्रा दाखवणारी बाई ती मीच. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचत आले ते करमणूक म्हणून, आणि खरं सांगायचं तर थोडं नाकाने कांदे सोलत. प्रत्येक अनुभवाखाली "वाऱ्यामुळे झालं असेल" अशी कमेंट टाकणारे जे लोक असतात ना, त्यातली मी एक. आज स्वतःच लिहायला बसलेय. वाऱ्याचं नाव घेऊन चालणार नाही, असं काहीतरी घडलंय म्हणून.

जागा नीट सांगते. आमचं नगर, म्हणजे आता अहिल्यानगर जिल्हा. संगमनेरहून तासाभराच्या अंतरावर प्रवरेच्या पाण्यावर उभा राहिलेला एक साखर कारखाना आहे. नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. कारखान्याची वसाहत, वसाहतीच्या मधोमध बाग, आणि त्या बागेत एके काळी चक्क प्राणिसंग्रहालय होतं. मोर, ससे, माकडं, आणि सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे हरणं. एक मगरीचा हौदही बांधला होता. मगर कधी आलीच नाही, पण आम्ही पोरं रोज डोकावून बघायचो. दाराशी सिमेंटचा गेंडा होता. त्याच्या पाठीवर बसून फोटो काढला नाही असं वसाहतीतलं एकही मूल नसेल.

माझे वडील, अण्णा, त्या बागेत जनावरं सांभाळायचे.

अण्णा मूळचे घोडेगावकडचे. आजोबा तिथल्या जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. ज्यांनी तो बाजार बघितलाय त्यांना माहीत असेल, तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघं जण हात पुढे करतात, वर रुमाल किंवा उपरणं टाकतात आणि आत बोटं धरून ठरवतात. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी ताकास तूर लागत नाही. अण्णांना त्या धंद्यात करमलं नाही. विकलेला बैल दावं सुटताना मागे वळून बघतो ते मला बघवत नव्हतं, असं ते म्हणायचे. म्हणून ते कारखान्यात आले. पण बोटांची भाषा तेवढी सोबत घेऊन आले, आणि ती त्यांनी मला शिकवली. आई "पोरीला काय बाजारी धंदे शिकवता" म्हणून ओरडायची, आणि ती ओरडत असतानाच आम्ही टॉवेलखाली तिची आज कितवी हाक झाली ते एकमेकांना सांगायचो.

बाजारातली खरी रीत जाणकारांना विचारा, ती बरीच वेगळी असेल. आमच्या घरातली सोपी होती. जितकी बोटं धरली तितका आकडा. आख्खा पंजा धरला की पाच. पंजा सोडून परत एक बोट धरलं की सहा. आणि समोरच्याच्या तळहातावर अंगठा तीनदा टेकवला की, कधी?

हा 'कधी' माझा होता. हरणांच्या कुंपणाला लागून वैरणीची खोली होती. तिच्या रस्त्याकडच्या भिंतीत, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एक चौकोनी खिडकी होती. गाडीतून आलेला घास तिच्यातून आत ढकलायचे. घास म्हणजे आमच्याकडचा लसूणघास, हिरवागार, त्याचा वास ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. खिडकीवर गोणपाट टांगलेलं असायचं. पोरांना आत जायची बंदी होती, आणि आत कडबा कुट्टीचं यंत्र सुरू असलं की हाक मारून उपयोग नसायचा. मग शाळा सुटली की मी गोणपाटाखालून हात आत घालून उभी राहायची. कुट्टीचा आवाज थांबायचा. मग अण्णांचा कोरडा, खरखरीत हात यायचा. मी अंगठा तीनदा टेकवायची... घरी कधी येणार? ते बोटं धरून सांगायचे. सहा. कधी सात. आणि मग माझा तळहात हलकेच बाहेर ढकलायचे, म्हणजे, जा आता, आईला सांग. मी धावत घरी. आई त्या आकड्यावर तवा ठेवायची. अण्णा पायरीवर चपला काढायचे तेव्हा पहिली भाकरी फुगलेली असायची. माझं सगळं लहानपण मला या एका खिडकीत दिसतं.

पुढे प्राणी ठेवायचे नियम बदलले, एक दिवस ट्रक आले आणि हरणं गेली. अण्णा त्याच बागेत माळीकाम करत रिटायर झाले. मी पुण्यात नोकरीला लागले, संसाराला लागले. दिवाळी आणि मे महिना, एवढंच माहेर उरलं.

आठ वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तालुक्याच्या दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, "आपण बोललेलं त्यांना कितपत कळतंय, सांगता येत नाही." मी तीन दिवस राहिले. दहावीचे पेपर तपासायला आले होते, गठ्ठे पुण्यात पडून होते, तारखा डोक्यावर होत्या. चौथ्या दिवशी दुपारी निघाले. अण्णांना म्हटलं, "रविवारी येते हं." त्यांनी डाव्या हाताने माझा हात चादरीखाली ओढून घेतला आणि तळहातावर अंगठा टेकवला. एकदा, दोनदा, तीनदा. थांबून परत तीनदा. मला वाटलं, हाताला कंप सुटलाय. "झोपा आता," म्हटलं आणि हात काढून घेतला. साडेतीनची गाडी होती.

आळेफाट्याला गाडी चहाला थांबली. मी ग्लास हातात घेतला आणि एकदम लख्ख समजलं. ते विचारत होते. आयुष्यभर मी त्यांना जे विचारलं तेच ते मला विचारत होते. कधी? आणि तोंडाने सांगितलेला रविवार त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तिथून उलट्या दिशेची गाडी पकडायला पाच मिनिटं लागली असती. रस्त्यापलीकडे ती उभी होती, कंडक्टर "संगमनेर, संगमनेर" ओरडत होता. मी पेपरांचा विचार केला. म्हटलं, चार दिवसांत जातेच आहे, तेव्हा बोटं धरून सांगेन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला.

एवढंच. यात अमानवीय काही नाही, असं हजारो घरांत घडतं. पण आठ वर्षं माझ्या तळहातावर तो अंगठा आहे. वर्गात खडू धरताना, भाजी चिरताना मधेच जाणवायचा. मला देव नको होता, भूत नको होतं. फक्त एकदा त्यांची बोटं धरून आकडा सांगायचा होता, आणि ते आता होणार नाही हेही पक्कं माहीत होतं.

आता मुख्य गोष्ट. मला जिओकॅशिंगचा नाद आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कुणीतरी एक डबी कुठेतरी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं. आपण मोबाईल घेऊन शोधत जायचं, डबीतल्या वहीत नाव आणि वेळ लिहायची, आणि डबी होती तिथे ठेवायची. दुसरं काही मिळत नाही. नवरा म्हणतो, "म्हणजे पत्ता माहीत असलेल्या ठिकाणी जाऊन परत यायचं." आपल्याकडे हे खेळणारे फार कमी, नगर जिल्ह्यात तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या डब्या. गेल्या डिसेंबरात आईकडे निघताना सहज ॲप उघडलं तर एक नवा ठिपका. आमच्या बागेत! लपवणाऱ्याने टोपणनावाखाली लिहिलं होतं की तो वसाहतीतच वाढला आणि आता जर्मनीत असतो. खाली खूण दिली होती, "जिथे आपण सगळे बसलो."

शनिवार होता. आईकडे सामान टाकलं, "बागेत जाऊन येते" म्हटलं आणि निघाले. स्वच्छ ऊन होतं, साडेचार झाले असतील. बागेत आता चालायचा ट्रॅक आहे, लोखंडी व्यायामाची यंत्रं आहेत, रंगीत सेल्फी पॉईंट आहे. माकडांच्या पिंजऱ्याची नुसती चौकट उरलीय, तिच्यावर बोगनवेल चढलीय. मगरीच्या हौदात पाला. "प्राण्यांना खडे मारू नयेत" ही पाटी मात्र अजून शाबूत आहे. मारायचं कुणाला? ती वाचून मला भर बागेत रडू आलं.

मोबाईलवरचा बाण मला हरणांच्या कुंपणाकडे नेत होता. दाट झाडीखाली जीपीएस दहा-पंधरा मीटर हुकतं, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते. पण बाण त्या भिंतीकडे वळला तेव्हा मी शिकवलेलं सगळं विसरले. वैरणीच्या खोलीची रस्त्याकडची भिंत अजून उभी होती. खिडकी आता माझ्या कमरेशी आली होती. गोणपाट अर्थातच नव्हतं, वेलीचा पडदा होता. मनात म्हटलं, डबी इथेच. दुसरी कुठे असणार!

मी उकिडवी बसले, वेल बाजूला केली आणि हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. मी चाचपडत होते. आत गार होतं, आणि... घासाचा वास आला. ताज्या कापलेल्या घासाचा. तोवरही मला काही वाटलं नाही. आजूबाजूला शेतं आहेत, येतो वास.

मग कुणीतरी माझा हात धरला.

जे घडलं तेवढंच सांगते, तिखटमीठ नको. हात कोरडा होता, खरखरीत होता, ऊबदार होता. दचकवणारा नव्हता. आधी बोटांची टोकं धरली, मग आख्खा पंजा आत घेतला. दाबला. पाच. ओरडावंसं वाटलं नाही, पळावंसंही वाटलं नाही. आठ वर्षं जो हात मी ओढून काढला म्हणून स्वतःला बोल लावत होते तो हात मी आता काढणार नव्हते. मग कितीही वेळ लागो. मला बोटं हलवायची होती, पण बधिर झाल्यासारखी ती हलेचनात. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पकड सैल झाली, आणि तळहाताला हलकासा धक्का बसला. बाहेर. जा आता.

"ताई! आवो, तिथं हात नका घालू, इंगळी-बिंगळी आसंल!"

मागे झाडू घेऊन एक बाई उभी होती. बाग झाडायला असतात त्या, मालनमावशी. मी हात बाहेर काढला. "मावशी, पलीकडे कोण आहे?"

"पलीकडं? पलीकडं काय न्हाई. खोली कवाच पाडली. ही भित तेवढी ठिवली, खिडकी मागनं इटा लावून बुजवलीय."

मी मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं. खिडकीत वीतभर पोकळी होती. त्यामागे विटा आणि सिमेंट. मी परत हात घातला. मनगटाच्या जरा वर गेला आणि बोटं विटेला टेकली. परत घातला. परत. घासाचा वास नव्हता, नुसता धुळीचा. मी अंगठा त्या विटेवर तीनदा टेकवला, हे लिहायला लाज वाटतेय, पण टेकवला. मावशी बघत राहिल्या.

"डबी हुडकताय व्हय?" त्या म्हणाल्या. "ती गेंड्याच्या पोटाखाली हाय. लई जन येत्यात तिच्यापायी. मीच पुसून ठिवती."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! जिथे आपण सगळे बसलो तो गेंडाच की. दुसऱ्या वेळी मी हसले असते. तशीच गेंड्यापाशी गेले, डबी काढली, वहीत नाव लिहिलं. वेळ लिहायला घड्याळ बघितलं. पाच वाजून सात मिनिटं.

घरी आले तेव्हा आई ओट्यापाशी होती. मला आधी काही सांगायचं नव्हतं. तिचं वय झालंय, उगाच जिवाला घोर कशाला. पण माझा चेहरा बघून तिने गॅस बंद केला. "काय झालं गं वैशे?" मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती मीठ-मोहरी ओवाळेल, नाहीतर मला वेड्यात काढेल. ती खाली बसली.

"किती म्हनलीस? पाच?"

"हो. आख्खा पंजा धरला. पण आई, आकडा तर मी द्यायचा होता ना? त्यांनी विचारलं होतं. ते मला पाच कशाला सांगतील?"

आईने पदराने तोंड पुसलं.

"ते पाच माजं हाय," ती म्हणाली. "तू गाडीला गेलीस, आन त्यांनी माजा हात धरला. तसंच, आंगठा... टक, टक, टक. सोडंचनात. रातभर तेच. मला मेलीला तुमची भाषा कुठं येती? मी आपला त्यांचा आख्खा पंजा धरला माज्या हातात. म्हनलं, हाय म्या हितंच. तर गप झाले. पार शांत. डोळं मिटून झोपले."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं, पण तिने ते आठ वर्षं धरून ठेवलं होतं. आता थांबणारी नव्हती.

"दुसऱ्या दिशी दुपारपास्नं दाराकडं बघत हुते. समोर भितीला घड्याळ हुतं. घड्याळाकडं बघायचे, दाराकडं बघायचे. पाच वाजले. सव्वापाच झाले. म्या म्हनलं, आवो कुनाची वाट बघताय? साडेपाचाला मान फिरवली त्यांनी. मग काय..." ती थांबली. "हे तुला सांगून काय मिळालं आसतं? तू सोताला खात बसली आसतीस. आन मला तरी कुठं कळलं हुतं, म्या त्यांना काय सांगितलं ते. आज कळतंय बग."

म्हणजे अण्णांना उत्तर मिळालं होतं. मी पाचला येणार, असं उत्तर. आईने नकळत माझ्या वतीने शब्द दिला होता. आणि मी आलेच नाही.

आम्ही दोघी त्या दिवशी खूप रडलो. अण्णा गेले तेव्हाही एकत्र अशा रडलो नव्हतो. तेव्हा मी पाहुण्यांत होते आणि ती बायकांच्या घोळक्यात.

आता तुमच्यातले वाऱ्यावाले विचारतील, आणि मीही स्वतःला विचारलंय. जीपीएस का हुकलं, याचं उत्तर आहे. घासाचा वास, शेतावरून आला. हात धरल्याचा भास, मनाचे खेळ, आठ वर्षांची टोचणी, जागेची आठवण... मान्य, सगळं मान्य. कोपरापर्यंत हात गेला असं मला वाटलं, गेला नसेल. पण पाच? तो आकडा मला माहीत नव्हता. आईने तो कुणालाही सांगितला नव्हता, कारण तो आकडा आहे हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. तो फक्त एकाच माणसाला ठाऊक होता. इथपर्यंत येऊन माझा भूगोल संपतो. मी त्यानंतर तीनदा त्या खिडकीशी जाऊन आले. विटाच आहेत. जर्मनीवाल्याला मेसेज केला, त्याने हसरा चेहरा पाठवून लिहिलं, "हरणांचे काका आठवतात. खूप प्रेमळ होते." बस्स.

मला वाटतं... म्हणजे वाटायला काय लागतं... ते रागावले नव्हते. रागावले असते तर तो शेवटचा धक्का इतका हलका नसता. तो अगदी तसाच होता, शाळेतून आलेल्या पोरीला द्यायचे तसा. जा आता, आईला सांग. आणि मी खरंच घरी येऊन आईला सांगितलं, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

त्या रविवारी मी पुण्याला निघाले. पिशवी उचलली तशी आईने माझा हात धरला, आपल्या पदराखाली ओढला आणि तळहातावर अंगठा टेकवला. दोनदाच. तिसरं ती विसरली. मी म्हटलं, "तीनदा असतं आई," आणि तिची पाचही बोटं घट्ट धरली.

आता दर शनिवारी मी पाचच्या आत पोचते. आई तवा ठेवून बसलेली असते.